मिटलेल्या डोळ्यांचा तास

मंजुषाताई पाटणकर जन्मल्या बंगालातच, बालीगंजमध्ये. मासेवाल्याशी भांडतात बंगालीत, शिकवतात इंग्रजीत आणि हिशेब पुटपुटतात मराठीत. संसार केला नाही. भूमिती हाच संसार. मी बदलीवर आलेला बँकवाला, त्यांचा शेजारी. माझी रुचा त्यांच्याच वर्गात, नववीत.

यंदा शाळेने बाकाबाकावर टॅब बसवले. कॅमेरा मुलींचे डोळे बघतो. लक्ष असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल, आणि पालकांना ते मोबाइलवर दिसतं. मंजुषाताईंच्या तासाला अख्खा वर्ग लालभडक! पोरी तासाला झोपतात म्हणून पालक खवळले, त्यात मी सगळ्यांच्या पुढे. शेजारधर्म गेला खड्ड्यात, पोरीची दहावी तोंडावर आलेली. पुढल्या वर्षी दहावीचा वर्ग त्यांना द्यायचा नाही, असं मुख्याध्यापिका सेनबाईंनी जवळजवळ ठरवलंच.

"भाऊ, एक तास बसा, मग खुशाल तक्रार करा," मंजुषाताई जिन्यात म्हणाल्या. मला थोडी लाज वाटली, पण गेलो तावातावानेच.

सेनबाई हातातल्या टॅबवर नजर ठेवून दाराशी उभ्या. मला मागच्या बाकावर बसवलं, समोर टॅब.

"डोळे मिटा," मंजुषाताई म्हणाल्या. "भाऊ, तुम्हीसुद्धा."

अस्सं! म्हणजे हे ते झोपणं! मी डोळे मिटले.

"मनातल्या मनात एक वर्तुळ काढा. मधोमध व्यास. आता वर्तुळावर एक ठिपका ठेवा, व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडा. ठिपका हळूहळू फिरवा. त्याच्यापाशी झालेला कोन बघत राहा."

मी फिरवला. रेषा लांबल्या, आखडल्या, त्रिकोण कलंडला, पण कोन काटकोनच राहिला. परत फिरवला. हलेचना! शाळेत हे प्रमेय मी घोकून पाठ केलं होतं, पाहिलं आज. अंगावर काटा आला. हे माझ्या डोक्यात कुणी काढून ठेवलं होतं? पुढच्या बाकावरून कुणीतरी हळूच "ओ मा!" म्हणालं. मग दुसरी. खोलीभर श्वास थांबल्यासारखे झाले होते.

डोळे उघडले तर सेनबाई माझ्या शेजारी.

"तुमचा ठिपकासुद्धा लाल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "झोपला होतात?"

मी मान हलवली, नाही म्हणून. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पाहिलं.

त्यांनी हातातला टॅब बाकावर पालथा घातला, मला जरा सरकायला लावलं आणि टेकल्या.

"आर एकबार बोलून, मंजुषादी," त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा सांगा, आणि त्यांनी डोळे मिटले.