गिरणीवाल्या चाचांची अवेळी टाळी

प्रश्न असा होता : ज्या गृहस्थांना टाळी कुठे वाजवावी हे कळत नाही, त्यांना पहिल्या रांगेत बसू द्यावे की नाही? हा प्रश्न मी स्वतः काढलेला नाही. आमच्या शाळेच्या संमेलन समितीने तो मला कागदावर लिहून दिला होता. आणि ज्याने आयुष्यभर गणित शिकवले, त्याला निवृत्तीनंतरही न सुटलेले उदाहरण वहीत ठेवून वही मिटता येत नाही. प्रश्न ज्यांच्याविषयी होता ते आमच्या दौलताबादेतले गिरणीवाले चाचा. अवेळी टाळी वाजवण्यात त्यांचा हात धरील असा माणूस किल्ल्याच्या पायथ्यापासून थेट शहरापर्यंत सापडणार नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. कवितेच्या दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, नाटुकल्यात बाप मुलावर संतापलेला असताना, लेझमीचा डाव बदलता बदलता, आणि एकदा तर प्रमुख पाहुणे भाषणाचा कागद उलटसुलट करून पाहत असताना चाचांची टाळी पडलेली मी या कानांनी ऐकली आहे. याउलट कार्यक्रम संपतो, सगळा मंडप टाळ्यांनी दुमदुमतो, तेव्हा चाचा शांतपणे आपल्या खुर्चीची घडी करत असतात.

खुर्चीची घडी म्हटले, कारण ती त्यांची स्वतःची होती. लोखंडी, घडीची, पाठीवर डब्यांना लावतात तसला तेलरंगाचा आकडा असलेली ही खुर्ची खांद्यावर अडकवून चाचा कार्यक्रमाच्या तासभर आधी येत आणि पहिल्या रांगेत डाव्या टोकाला, विंगेच्या अगदी जवळ, ती मांडत. मांडवाचे काम चालू असले तर बांबू त्यांच्या खुर्चीला वळसा घालून रोवावे लागत. एकदा एक पाहुणे चुकून तिच्यावर बसले. चाचा समोर जाऊन अदबीने उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, तुमची ती मखमलची. ही साध्या माणसाची हाय.” पाहुण्यांना हा आपला सन्मान वाटला आणि भाषणात त्यांनी गावाच्या नम्रतेचा दोनदा उल्लेख केला. चाचांना फक्त विंगेजवळची जागा हवी होती. ते घरून अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येत. पण इतक्या वर्षांचे पीठ एका अंघोळीने जात नाही. त्यांनी टाळी वाजवली की स्टेजच्या दिव्यात तळहातांमधून एक बारीक पांढरा ढग उठे. संमेलनाच्या जुन्या अल्बममध्ये अनेक फोटोंच्या डाव्या कोपऱ्यात धुके दिसते. आमच्या फोटोग्राफरने त्यापायी दोन वेळा कॅमेरा दुरुस्तीला नेला होता.

त्यांची गिरणी शाळेच्या भिंतीला लागूनच आहे. शाळेत वा गावात काहीही असो, रांगोळी असो, वक्तृत्व असो, भजन असो की कव्वाली, गिरणीच्या दारावर खडूने एकच मजकूर लिहिलेला असे : ‘गिरणी बंद. शाळेत नाच आहे.’ विज्ञान प्रदर्शनालाही हीच पाटी होती. सकाळी टाकलेले दळण त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावरच मिळे, आणि तेही कोणता नंबर चांगला झाला हे सांगितल्यावर. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा विनवणी केली, “चाचा, घरी पाहुणे यायलेत, डबा तेवढा द्या ना आधी.” चाचा म्हणाले, “पीठ किधर भागतंय भाभी? पोरींचा नाच खतम हो जाता. बसा थोडं.” काकू बसल्या, त्यांच्यामागे डबे घेऊन आलेल्या आणखी पाच-सहा जणी बसल्या, आणि अशा रीतीने ज्यांच्या घरी शाळेत जाणारे एकही मूल नाही, अशा बायकांनीही आमच्या गावात बालनाट्ये पाहिली. कलेला आश्रय देण्याचे अनेक प्रकार आहेत. पीठ अडवून ठेवणे हा त्यातला एक म्हणून नोंदवावा लागेल.

तालमींच्या बाबतीतही त्यांची एक पद्धत होती. मुलांनी आपला भाग चालू गिरणीसमोर उभे राहून म्हणायचा. “इथं ऐकू आलं तर मांडवात शेवटच्या माणसाला ऐकू येतं,” हे त्यांचे मत, आणि ध्वनीच्या नियमांशी ते विसंगत नाही. त्यामुळे जानेवारी लागला की ज्वारी-बाजरीबरोबर चाचांच्या कानांवरून गावातली सगळी भाषणे, पोवाडे आणि संवाद जात. ही गोष्ट मला माहीत होती. तिचा आणि टाळीचा संबंध मात्र मी लावला नव्हता, आणि त्याबद्दल मी स्वतःला गुण देणार नाही.

मग ती तक्रार आली. आंतरशालेय स्पर्धा आमच्याकडे भरली होती आणि शहरातून आलेल्या परीक्षकांनी अभिप्रायात लिहिले, ‘पहिल्या रांगेतील एका गृहस्थांच्या अवेळी टाळ्यांमुळे रसभंग होतो.’ समितीची बैठक बसली. आमच्या मुख्याध्यापिका मृदू स्वभावाच्या, त्या म्हणाल्या, “सर, चाचांना दुखवायचं नाही. पण त्यांना खरंच काही कळत नसेल, तर खुर्ची मागे न्यावी लागेल. तुम्ही निरीक्षण करा आणि लिहून द्या.” चाचांची जागा राहणार की जाणार, हे अशा प्रकारे माझ्या वहीवर येऊन ठेपले.

मी तीन रकाने आखले : कार्यक्रम, टाळीची जागा, कारण. प्रत्येक कार्यक्रमाची संहिता मांडीवर घेऊन बसलो आणि टाळी पडली की त्या ओळीवर खूण केली. पहिले दोन रकाने भरत गेले, तिसरा कोरा राहिला. चाचा डुलकी घेत असावेत आणि दचकून टाळी वाजवत असावेत, असे मी प्रथम गृहीत धरले. पण ते पापणीही लववत नाहीत असे आढळले. ओळखीच्या मुलांना ते उत्तेजन देतात, हे दुसरे गृहीतक. ते टिकले नाही, कारण चितेगावच्या शाळेतल्या अनोळखी मुलालाही त्यांनी अशीच अर्ध्यावर टाळी दिली. शेवटी समितीने सुचवले की एकदा खुर्ची मागे ठेवून पाहावी. सांगण्याचे काम माझ्याकडेच आले.

“चाचा, या खेपेला खुर्ची जरा मागं ठेवू या. पाहुणे जास्त आहेत.”

“कितना मागं?”

“शेवटच्या रांगेत.”

चाचांनी अंतर डोळ्यांनी मोजले. “तिथून ऐकू येईल व्हय?”

“लाउडस्पीकर आहे ना.”

“लाउडस्पीकरमधून बोललेलं ऐकू येतं, सर,” एवढेच ते म्हणाले, आणि खुर्ची खांद्याला अडकवून मागे गेले.

त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीचा एकपात्री प्रयोग होता. देवगाव रंगारीहून ती मामाकडे शिकायला आलेली. किल्ल्याखाली पर्यटकांना सीताफळे विकणाऱ्या आपल्या मामीची नक्कल तिने स्वतः बसवली होती आणि गिरणीसमोर ती खणखणीत म्हणत असे. स्टेजवर ती अर्ध्यापर्यंत उत्तम गेली. “घ्या की साहेब, डोळा उघडलेलं फळ हाय,” असे म्हणून तिने हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. पुढची ओळ माझ्या मांडीवर होती; तिच्याकडे नव्हती. मंडप गप्प झाला. मागून कोणीतरी हसले. मुलीने हातातल्या रिकाम्या टोपलीकडे पाहिले आणि ती विंगेत पळाली. ती दिसेनाशी झाल्यावर शेवटच्या रांगेतून एकच टाळी आली, उशिरा आणि लांबून. मी विंगेत गेलो तेव्हा ती पदराने तोंड पुसत होती. “सर, मी पुन्ना स्टेजवर नाय येणार,” ती म्हणाली. तिने ते रडत सांगितले असते तर मला इतके लागले नसते. ती ते हजेरी दिल्यासारखे म्हणाली.

घरी येऊन मी वही उघडली. आधीच्या प्रत्येक खुणेपाशी संहितेतली ओळ आणि स्टेजवर प्रत्यक्ष घडलेले ताडून पाहिले. एके ठिकाणी शब्द गळला होता, एके ठिकाणी मुलगा श्वासाला थांबला होता, लेझमीत एकीचा पाय चुकला होता. एकही खूण अपवाद निघाली नाही. पाहुण्यांचा उलटसुलट होणारा कागदही नियमात बसला.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेलो आणि सरळ विचारले, “चाचा, पोरं अडखळली की तुम्ही टाळी वाजवता ना?”

चाचांनी चालू गिरणीकडे बोट केले. म्हणाले, “दळण संपत आलं की गिरणीचा आवाज बदलतो. कधी ऐकला?”

“नाही.”

“इतके साल पीठ नेता, सर, आणि आवाज नाय ऐकला.” त्यांनी माझा डबा बाजूला ठेवून गिरणी तशीच चालू दिली. “आता ऐका.” जड घरघर हळूहळू पातळ झाली, कोरडी झाली. चाचांनी पोत्यातली मूठभर ज्वारी वर टाकली आणि आवाज पुन्हा खाली बसला. “रिकामं फिरू दिलं की पत्थर पत्थर को खाता. मूठभर दाणे टाकायचे, तेवढ्यात पुढचा डबा उचलून होतो. पोरांचंबी तसंच. टाळी पडली की त्याला वाटतं, लोक खूश हैं. दम घेतं. पुढचं याद येतं.”

“मग शेवटी का वाजवत नाही?”

“शेवटी सगळेच वाजवतात. माझं काय काम?”

“हे समितीला आधीच सांगायचं होतं. तुम्हाला काही कळत नाही असं म्हणतात लोक.”

“म्हणू द्या.” त्यांनी माझा डबा वर रिता केला. “मी सांगितलं तर पोरांना कळंल, चाचाची टाळी म्हंजे आपण चुकलो. मग टाळी ऐकूनच रडतील. लिहू नका, सर.”

आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ उत्तर होते आणि ते लिहिण्याची मुभा नव्हती. मी अहवालात पुढीलप्रमाणे लिहिले : ‘सदर गृहस्थांच्या टाळीत कोणताही नियम आढळला नाही. तथापि कार्यक्रमाच्या दिवशी गिरणी बंद राहिल्याने उपस्थिती वाढते. सबब खुर्ची पूर्ववत पहिल्या रांगेत ठेवावी.’ यातले पहिले वाक्य असत्य आहे. मुख्याध्यापिकांनी ते वाचले, माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि सही केली.

मुलीला पुन्हा उभे करायला मला महिना लागला. फेब्रुवारीतल्या कार्यक्रमात ती आली, त्याच टोपलीसह, आणि अगदी त्याच ओळीवर थांबली. डाव्या टोकाकडून टाळी पडली, दिव्यात पिठाचा ढग उठला, मुलीने मान वर केली आणि पुढची सगळी सीताफळे विकून टाकली. उतरल्यावर मला म्हणाली, “सर, चाचांना तेवढीच जागा लई आवडली वाटतं.” मी म्हणालो, असेल.

ती आता शहरात कॉलेजला आहे आणि तिथल्या नाटकांत काम करते. गिरणी चाचांचा मुलगा चालवतो. चाचा अजूनही खुर्ची घेऊन येतात. मात्र गिरणीने त्यांच्या कानांकडून आपली वसुली केली आहे. मूल अडखळते ते त्यांना ऐकू येत नाही. सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला की ते इकडेतिकडे पाहतात आणि मग वाजवतात, बरोबर जागी, सर्वांसोबत. “चाचांना आता कळायला लागलं,” असे गावात कौतुकाने म्हणतात. मी त्यांच्या शेजारी बसतो. कुणी थांबले की मी टाळी वाजवतो. चाचा माझ्या हातांकडे पाहतात, आणि क्षणभराने त्यांचेही हात उठतात. पीठ आता उडत नाही. मुलांना संगती लागू नये म्हणून मी अधूनमधून काही कारण नसतानाही टाळी वाजवतो, आणि त्यामुळे मागच्या रांगांत माझ्याविषयी काय बोलले जाते ते मला माहीत आहे. मुलांना हे सांगू नये, ही चाचांची अट मी आजही पाळतो. मोठ्यांना सांगायला त्यांनी गेल्या संमेलनानंतर मान हलवून परवानगी दिली. अर्थात त्यांना माझा प्रश्न नीट ऐकू आला होता की नाही, याची मला खात्री नाही.

माझे निरीक्षण एका गावापुरते आणि एका माणसापुरते आहे. म्हणून वाचकांना विनंती, की त्यांनी ते तसेच मान्य करू नये. आपल्या जवळच्या शाळेत पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसावे, कोणी मूल थांबले की एकदा टाळी वाजवावी, आणि पुढे काय होते ते स्वतः तपासून पाहावे.