वळणावरचा दिवा आणि मुकुंदमहाराज

मुकुंदमहाराजांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात स्कूटरच्या सीटवर उभे होते. बसलेले नव्हे, उभे. धोतराचा काष्टा घट्ट खोचलेला, एक हात कपाळाशी उन्हाला आडवा आणि दुसरा आधारासाठी एका दूधवाल्याच्या डोक्यावर. मी नुकताच मलकापुरात शाळेत कारकून म्हणून रुजू झालो होतो आणि गावातला पहिला वेडा इतक्या लवकर भेटेल असं वाटलं नव्हतं. हे काय चाललंय, असं मी दूधवाल्याला विचारलं. डोक्यावर हात असल्यामुळे मान न हलवता तो म्हणाला, "महाराज हायेत. ट्रकवाल्याले काय दिसते ते पाहून राह्यले."

"ट्रकवाल्याचा डोळा इथं असते," वरून आवाज आला. "खालून दिसते म्हणजे वरून दिसतेच, हे कोणी सांगितलं बे तुले?"

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पण योगायोगाने मला खोली मिळाली ती महाराजांच्याच शेजारी, त्यामुळे पुढे सगळं सविस्तर कळलं.

गावाबाहेर पडणारा तो रस्ता रेल्वे फाटकाच्या अलीकडे एकदम वळतो. वळणावर बाभळी आणि एक पानठेला, त्यामुळे फाटक दिसतं ते अगदी अंगावर आल्यावर. म्हणून वळणाच्या आधी एका खांबावर लाल दिवा बसवलेला आहे. फाटक बंद व्हायला लागलं की तो लुकलुकतो, ड्रायव्हरने तो बघून गाडी हळू करायची, एवढी साधी गोष्ट. पण मोकळा खांब दिसला की आपल्या माणसाचे हात शिवशिवतात. कोचिंग क्लासवाले, मंगल कार्यालयवाले, बियाणेवाले, सगळे बॅनर घेऊन त्याच खांबावर तुटून पडत. एका कापसाच्या हंगामात महाराज आणि त्यांच्या पत्नी शालूकाकू बंद फाटकापाशी रांगेत स्कूटरवर बसले होते, आणि मागून कापूस भरलेला टेम्पो वळणावरून थेट त्यांच्यावर आला. महाराज गवतात पडले. काकूंचा पाय चाकाखाली गेला. पाय वाचला, पण चाल कायमची बिघडली.

टेम्पोवाला दवाखान्यात येऊन ढसाढसा रडला. "महाराज, आई शप्पथ, दिवा दिसलाच नाही. दिव्यापुढं कपाशीचं बोंड होतं."

खरंच होतं. कुठल्याशा बियाण्याच्या जाहिरातीतलं, कलिंगडाएवढं बोंड. महाराजांनी त्या टेम्पोवाल्यावर कधी राग धरला नाही. राग धरला तो बोंडावर.

महाराजांचा धंदा भटजीपणाचा, आणि त्यात त्यांची खासियत वाहनपूजेची. पार सोनाळ्याहून ट्रॅक्टर त्यांच्या दारात यायचे. पूजा आटोपशीर, "देवाले घाई नसते, पण यजमानाले असते," हे त्यांचं तत्त्व. पण नारळ फोडण्याआधी ते स्वतः ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसत आणि समोरच्या काचेतून काय दिसतं ते बघत. काचेवर देवाचं मोठं स्टिकर असलं की नखाने खरवडायला सुरुवात. मालक घाबरून म्हणायचा, "महाराज, देव आहे!"

"मग मागच्या काचेवर लाव ना बे. पुढं तुले पाह्याचं आहे, त्याले नाही." आणि शेवटी आशीर्वाद ठरलेला: "नारळ मी फोडला. डोकं तू फोडू नको."

खांबावरचे बॅनर ते येता-जाता काढून टाकत. पण आज एक काढावा तर उद्या दुसरा हजर. ज्याचा बॅनर काढला तो घरी भांडायला येई. रेल्वेच्या आणि नगरपालिकेच्या साहेबलोकांना सांगून झालं, ते हसून चहा पाजत. महाराजांच्या मनाने एकच धसका घेतला होता. या वळणावर पुन्हा कुणाची बायको मागे बसलेली असणार, आणि दर वेळी नुसत्या पायावर भागेल असं नाही. "सुधाकर, काकू वाचली हे नशीब," ते मला एकदा म्हणाले, "पण नशिबाले रोज ड्युटी लावता येत नाही."

मग त्यांनी ती अक्कल लढवली. एका सकाळी नाल्यातून एक गोटा आणला, खांबाच्या बुडाशी ठेवला आणि त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला. मी तेव्हा स्कूटर धरून उभा होतो.

"महाराज, हे काय?"

"बंदोबस्त. माणूस पोलिसाले भेत नाही, शेंदराले भेतो."

आणि उतारा लागू पडला. बॅनर एका आठवड्यात गायब. देवाच्या डोक्यावर कोचिंग क्लास कोण लटकवणार? महाराज इतके खूश झाले की काकूंना मुद्दाम दिवा दाखवायला घेऊन गेले. काकूंनी दिवा पाहिला, गोटा पाहिला आणि म्हणाल्या, "बसवला खरा. पण उठवता येईल ना?"

महाराज हसले. भटजी असून त्यांना एवढं कळलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. देव बसवणं सोपं असतं. त्याला वाढण्यापासून थांबवणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

आधी अगरबत्त्या आल्या. मग पानठेलेवाल्याने सांगायला सुरुवात केली की गाडी यायच्या आधी मारुतीराया वर लाल डोळा उघडतो. झालं. ट्रकवाले भर वळणावर गाडी थांबवून नारळ फोडू लागले. नवसाची फडकी खांबाला बांधली जाऊ लागली. आधी कमरेएवढ्या उंचीवर, मग डोक्याच्या वर, आणि एक दिवस कुण्या भक्ताने शिडी लावून थेट डोळ्यालाच लाल चुनरी नेसवली. महाराज येता-जाता सोडवत राहिले, भक्त बांधत राहिले. बॅनरवाल्याशी निदान भांडता येत होतं.

मग सरकी-ढेपेचे व्यापारी भिकूशेठ पुढे सरसावले. मारुतीला ऊन लागतं म्हणून त्यांनी टिनाचं छत उभारलं. छताची कड बरोबर दिव्याच्या तोंडावर आली. हनुमान जयंतीला कळस चढवायचा ठरला आणि पूजा सांगायला बोलावणं आलं, अर्थातच, मुकुंदमहाराजांना.

"शेठ, छत मागं घ्या. दिवा झाकला जाऊन राह्यला," महाराजांनी सांगून पाहिलं.

"दिव्याचं काय घेऊन बसले महाराज? मारुतीराया बसला आहे ना सगळं पाहाले!"

"तो पाहते हो. ड्रायव्हरले दिसत नाही."

शेठ हसले. शेठच्या घरची लग्नं, मुंजी, दुकानाची लक्ष्मीपूजा, सगळं महाराजांकडेच होतं, आणि त्यांच्या शब्दावर निम्मा बाजार चालायचा. महाराज घरी आले आणि जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहिले. काकूंनी वाढता वाढता एवढंच विचारलं, "शेंदूर कोणी लावला होता? मग पुसायचा कोणी?"

जयंतीच्या सकाळी वळणावर तोबा गर्दी. ताशेवाले, मंडप, रस्त्याच्या कडेलाच बुंदीच्या कढया. संकल्प सोडायला भिकूशेठ पाटावर बसले आणि महाराज उभे राहिले.

"एक सांगतो, ऐका. हा गोटा नाल्यातला आहे. मी आणला, मी शेंदूर लावला. बॅनर लागू नये म्हणून. देव-बिव काही नाही. चूक माझी आहे, छत काढा."

मागून दोघं-तिघं बाह्या सारत पुढे आले. मला वाटलं, आता मार पडतो. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "महाराज, गोटे तं सगळेच कुठून ना कुठून आणेल असतात. तुमी आणला म्हून काय तो देव नाही होत?"

गर्दीने माना डोलावल्या. शेठ म्हणाले, "हाव ना! चला महाराज, मुहूर्त टळून राह्यला."

महाराजांनी म्हातारीला हात जोडले. "बाई, तुमचंच खरं. देव आहे. मग देवाले घरी नेतो." आणि खाली वाकून त्यांनी गोटा उचलला, स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ठेवला, माझ्याकडे बघून "बस मागं" म्हणाले आणि किक मारली. नक्की काय झालं हे कुणाला कळेना. ताशेवाल्यांना वाटलं मिरवणूक निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि ते आमच्या मागे धावू लागले. त्यांच्या मागे लोक, लोकांच्या मागे शिव्या देणारे भिकूशेठ. दोन्ही पायांत मारुती धरून महाराज स्कूटर चालवत होते आणि मला म्हणत होते, "मागं पाहू नको. हसू तं बिलकूल नको."

गोटा महाराजांच्या देवघरात गेला आणि त्या दिवसापासून ते गावात 'देवचोर' झाले. शेठच्या घरचं काम तुटलं, बाजारातलंही तुटलं. ज्या दारात ट्रॅक्टर उभे राहायचे तिथं कुत्री झोपू लागली. काकूंनी पापड-कुरडया विकायला काढल्या. आपलं चुकलं असं महाराज कधी म्हणाले नाहीत, पण सणावाराला दाराकडे बघत बसायचे, ते मला बघवत नसे. मात्र देवाविना ओस पडलेलं छत शेठनी स्वतःच उतरवून नेलं. आणि खांबाला परत कुणी हात लावला नाही. पानठेल्यावर लोक म्हणायचे, "ज्यानं देव उचलून नेला, तो बॅनर ठेवीन काय?" आकडी बांधलेली काठी घेऊन महाराज रोज संध्याकाळी तिथं एक चक्कर मारायचे. ते असेपर्यंत त्या वळणावर कुणी कुणाला मागून धडकलं नाही.

गेल्या थंडीत महाराज गेले. साध्या तापाचं निमित्त झालं.

तेरवीनंतर दोन-चार दिवसांनी मी काकूंना पायाच्या डॉक्टरकडे न्यायला माझी गाडी काढली. गप्पा मारत वळणावर आलो आणि समोर एकदम बंद फाटक. ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा पुढच्या मोटारसायकलच्या मागे बसलेली बाई वळून माझ्याकडे बघत होती. तिच्या साडीच्या काठावरची नक्षी मला मोजता आली असती. दिवा कसा दिसला नाही म्हणून उतरून मागे खांबापर्यंत गेलो, तर खांबावर साक्षात मुकुंदमहाराज. हात जोडलेले, हसरे, माणसाच्या दुप्पट उंचीचे. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली शोकाकुल म्हणून हार घातलेले भिकूशेठ आणि मित्रमंडळ. मारुती उचलल्यापासून ज्यांनी दारात पाय ठेवला नव्हता, ते सगळे एका रांगेत.

काकू गाडीतून उतरल्या आणि लंगडत खांबाकडे निघाल्या. पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काकू, महाराजांचा फोटो आहे हो!"

"ते दिसून राह्यलं मले," काकू म्हणाल्या. "दिवा नाही दिसून राह्यला."

त्यांनी खालची दोरी ओढली, मी वरची तोडली. महाराज आधी कमरेत वाकले आणि मग सगळेच्या सगळे खाली आले. मला रडू फुटलं. काकूंनी फ्लेक्सची घट्ट गुंडाळी केली आणि काखेत मारली. "हे असते तं त्यायनंच फाडला असता," त्या म्हणाल्या. "जाता जाता मलेच काम लावून गेले."

मागून कापसाने भरलेला एक ट्रक वळणाच्या दिशेने येत होता. लांबूनच त्याचा वेग कमी झाला. तो पुरता थांबेपर्यंत काकू त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग गाडीत येऊन बसल्या.