तांब्या जाग्यावर

मगदूम सर संगणकासमोर बसले की आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकायचे. पडद्यावर क्षयाच्या जंतूचं एखादं प्रथिन असायचं, लोकरीच्या गुंड्यासारखं गुंतलेलं. औषधाचा रेणू जाऊन बसेल अशी एक खोबण त्यात असते. हजारो रेणू संगणकाकडून त्या खोबणीत बसवून बघायची आमच्या कोल्हापुरातल्या फार्मसी कॉलेजात सगळ्यांना घाई. सर मात्र ते प्रथिन गोल गोल फिरवत दहा-दहा मिनिटं नुसतं बघत राहायचे. "खोली बघितल्याबिगर भाडेकरू ठेवतीस व्हय?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं.

तसा माणूस ढिला. गडमुडशिंगीहून स्कूटरवरून यायचे, डबा घरी विसरायचे आणि माझ्या डब्यातली भाकरी न विचारता उचलायचे. पण एका नियमाला पक्के. प्रथिनाच्या मूळ रचनेत जे जुनं औषध बसलेलं असतं, ते बाहेर काढायचं आणि संगणकाला परत बसवायला सांगायचं. ते होतं तिथेच बसलं, तरच नव्या रेणूंना हात लावायचा. "घरचा माणूस आपल्या जाग्यावर बसंना, आनि तू पावण्यांस्नी पाट मांडतीस?"

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मला एक रेणू सापडला. संगणकाने त्याला यादीत सगळ्यात वर ठेवलं होतं. शिरोळला बाबांनी गल्लीभर सांगूनही टाकलं, की पोरीनं टीबीचं औषध शोधलं. सोमवारपासून शेजारच्या प्रयोगशाळेतली सुजाता तो बनवायला घेणार होती. त्यात सहा महिने जाणार होते, आणि तो फसला तर दुसरा बनवायला माझ्याकडे वेळच उरणार नव्हता.

शनिवारी दुपारी सर आले. "घरचा माणूस बसवून बघितलास?"

"बघितला की सर. गेल्या वर्षी."

"रचना तर तू परवा साफ केलीस. आत्ता बसव."

बसवलं. जुनं औषध खोबणीत चक्क उलटं लटकलं.

सरांनी मूळ रचना उघडली आणि पडद्यावर बोट ठेवलं. खोबणीच्या कडेला पाण्याचा एक इवलासा रेणू होता आणि जुनं औषध त्यालाच धरून बसलेलं होतं. रचना साफ करताना मी आतलं सगळं पाणी एका झटक्यात पुसून टाकलं होतं. सर खो खो हसायला लागले. "शिरोळची न्हवं का तू? पाणी दिसलं की उपसायचंच! अगं, पूर वसारल्यावर घर धुतीस ते ठीक हाय, पण प्यायचा तांब्या कशाला फेकलास?"

मला रडू फुटलं. त्यांच्या हसण्याचा रागही आला. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "मीबी फेकलाय एकदा," ते हळूच म्हणाले. "माझा तर लेख छापून आलता. मग मीच पत्र लिहून मागं घेतला."

"पण बाबांना मी काय सांगू?"

"सांग की, चूक काचेच्या नळीत जायच्या आधी गावली म्हणून."

तो पाण्याचा रेणू जागेवर ठेवून सगळं पुन्हा चालवलं. माझा लाडका रेणू पार तळाला गेला. वर आला तो एक साधासुधा, ज्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सुजाताने तोच बनवला. जंतूंची वाढ त्याने रोखली, थोडीशीच. औषध व्हायला अजून लांबचा पल्ला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सर पेढे घेऊन आले.

गेल्या मे महिन्यात सर निवृत्त झाले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. निरोपाच्या दिवशी भाषणं संपल्यावर सगळे जेवणासाठी खोळंबले होते आणि सरांचा पत्ता नव्हता. शोधत गेले तर सर माझ्या संगणकासमोर, शाल खांद्यावर, चष्मा कपाळावर. माझी नवी रचना उघडी होती, ती ते गोल गोल फिरवत होते. पहिल्या वर्षासारखीच मी मागे उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी माऊस सोडला.

"तांब्या हाय जाग्यावर," ते म्हणाले. "आता खुशाल बोलव पावणं."