अप्पांची झाडलोट

अप्पा दुसऱ्याची चूक नुसती दाखवत नसत, ती मोठ्याने वाचत. जसं लिहिलंय तसं, अक्षर न अक्षर, चेहरा गंभीर ठेवून. सगळं ऑफिस माना खाली घालून ऐकायचं. मग चष्मा कपाळावर ढकलून ते विचारायचे, "इंजिनिअरसाहेब, हे इंग्रजी कुठल्या गावचं हाय?"

नांदेडच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत अप्पांचं नेमून दिलेलं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. पण रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते आम्ही आदल्या दिवशी लिहिलेला कोड उघडत. प्रोग्रॅममध्ये पुढच्या माणसाला समजावं म्हणून साध्या इंग्रजीत ज्या कॉमेंट लिहितात, त्यांतल्या स्पेलिंगच्या चुका ते चहा येईपर्यंत दुरुस्त करून टाकत. याला ते झाडलोट म्हणत. त्यांचं घर उदगीरच्या आडत व्यापाऱ्याचं. दुकान उघडलं की आधी झाडायचं, मग गादीवर बसायचं. ती सवय त्यांनी हैदराबादच्या मोठ्या कंपन्यांत नेली आणि तिथून नांदेडला परत आणली.

झाडलोटीचं श्रेय मागणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. तसे लोक आमच्याकडे होतेच. आठवड्याच्या शेवटी कुणी किती बदल केले ते साहेब बघत, म्हणून काही जण एकेका अक्षराची दुरुस्ती वेगवेगळी नोंदवून आपल्या नावावर ढीग लावत. गिरीश यात पटाईत होता. एकदा तो चहाच्या वेळी आपला ढीग सांगत बसला, तेव्हा अप्पांनी कप खाली ठेवला. "गिरीश, तुझी आई घर झाडल्यावर दारावर नाव लिहिते का रे?" गिरीश हसला. बाकीचे हसले नाहीत, कारण बाकीचेही तेच करत होते.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि आमच्या कंपनीला टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम करायचं काम मिळालं होतं. त्यातच उदगीर नवा जिल्हा होणार अशी आवई उठली. साहेबांनी घाईने प्रोग्रॅममध्ये जिल्ह्याचं नाव आधीच घालून ठेवायला सांगितलं. अप्पा उदगीरचे, म्हणून कुणीतरी पेढे आणले. अप्पांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, "नळाला पाणी न्हाई आन पाटी रंगवायला निघालेत. पाटीवरबी नाव चुकवतील. तवा बोलवा मला."

मी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळचा. मराठी शाळेत शिकलो, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं. घरात पदवी मिळवणारा मी पहिला. नोकरीला लागल्यानंतर पहिल्याच आठवड्यात अप्पांनी माझी एक कॉमेंट मोठ्याने वाचली. सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून मी कॉमेंट लिहिणं बंद केलं. कोड चालत होता, तक्रार कुणाची नव्हती, आणि सकाळी माझं नाव निघत नव्हतं. अप्पांच्या तावडीतून सुटलो असंच मला वाटत होतं.

टँकरच्या प्रोग्रॅममध्ये तहसीलकडून गावांची नावं यायची. आमच्या भागात काही गावांचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, गावापासून लांब, माळावर असतो. पण कागदावर दोन्हींचं नाव एकच. त्यामुळे ते नाव दोनदा दिसतं आणि टँकर मात्र दोन्हीकडे जावा लागतो. मला हे लहानपणापासून माहीत, म्हणून दोन्ही नावं राहतील अशा चार ओळी मी कोडमध्ये घातल्या होत्या. का घातल्या, ते कुठेच लिहिलं नव्हतं.

मी रजा घेऊन गावी गेलो होतो. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभा असताना अप्पांचा फोन आला.

"एकच गाव दोनदा का हाय?"

मी तांड्याचं सांगितलं.

"गिरीशनं तुझ्या ओळी काढून टाकल्यात. नाव दोनदा आलंय, चूक असंल म्हणला. दुपारी तहसीलला पाठवणार होता."

"मग तुम्हाला कसं कळलं, अप्पा?"

"तुझ्या एवढ्या ओळी आन त्यात एक चूक न्हाई? मला तिथंच संशय आला. बघतो तर कॉमेंटच न्हाई, वाचायलाच काही न्हाई." मग त्यांचा आवाज खाली आला. "आज मी इचारलं. उद्या मी नसलो तर तांडा कुणाला फोन करणार?"

त्यांनी फोन ठेवला. माझ्या मागच्या बाईने पाठीत घागर टेकवली, तेव्हा रांग पुढे सरकल्याचं मला कळलं.

ओळी परत बसल्या, तांड्याचा टँकर चुकला नाही. मी कामावर परतलो तेव्हा अप्पांनी शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "लिही." मी म्हणालो, माझं इंग्रजी चुकतं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते गिरीशकडेही कधी पाहत नसत. "चुकलेलं मी झाडून काढतो. तू लिहिलंच न्हाई, त्याला मी काय करू?" मी लिहिलं. चुका निघाल्याच. त्यांनी त्या मोठ्याने वाचल्या, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली नाही.

पुढच्या वर्षी भावाची तब्येत बिघडली म्हणून अप्पा उदगीरला दुकान सांभाळायला निघाले. निरोपाला सगळ्यांनी सह्या केलेलं एक मोठं कार्ड दिलं. अप्पांनी खिशातलं पेन काढलं, उभ्याउभ्याच कार्ड वाचलं आणि साहेबांच्या मजकुरापासून सुरुवात करत एकेकाच्या चुका दुरुस्त केल्या. माझ्या नावापाशी आल्यावर थांबले. मी फक्त सही केली होती.

"हे काय?"

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. सगळे बघत असताना मी सहीच्या वर दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या. काय लिहिलं ते आता नीट आठवत नाही. आभार होते एवढं आठवतं. अप्पांनी चष्मा खाली ओढून त्या ओळी मनातल्या मनात वाचल्या. पेनचं टोपण लावलं.

"चूक हाय," ते म्हणाले. "उदगीरला गेल्यावर बघतो."

आणि कार्डाला घडी पडणार नाही असं ते पिशवीत ठेवून ते जिना उतरले.