मदरबोर्ड चालला होता!

माझ्या हातानं बनवलेला मदरबोर्ड चालला होता, आणि ही गोष्ट मान्य करायला आजवर एकही माणूस तयार नाही. तो चालताना पाहणारा एक जण आहे, पण तो माझा साडू आहे. (ज्यांना साडू आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांनी वाचावं.)

त्या काळात लातुरात घरोघरी माडीवर क्लास निघत होते. माझ्या माडीवर कॉम्प्युटरचा होता. म्हणजे कॉम्प्युटर एकच! टीव्हीला जोडायचा, जुन्या जमान्यातला, हैदराबादेत दुकानदाराला रडवून आणलेला. त्याच्या जिवावर मी शून्यातून उभा राहिलो. भूकंपात त्याच्यावर लोखंडी कपाट पडलं आणि मदरबोर्डचे दोन तुकडे झाले. तसला बोर्ड कुठंच मिळेना. पुढं नवे कॉम्प्युटर घेतले, क्लास चालू राहिला, पण ते तुकडे काही मी टाकले नाहीत.

माझे साडू दिगंबरराव नांदेडला फिजिक्सचा क्लास चालवतात. सासुरवाडीत, भर पंगतीत ते म्हणाले, "माधवराव, भंगार आहे ते. द्या फेकून."

"फेकतो कशाला? नवा बोर्ड बनवतो. हुबेहूब!"

"घरी? मदरबोर्ड म्हणजे काय पापड आहे का?" पंगत हसली. सासरेसुद्धा हसले! "बनवा, बनवा. चालला तर याच पंगतीत उभा राहून सांगतो, की माधवराव खरे इंजिनिअर."

मी दहावी पास. (ते एम.एस्सी. आहेत. हे ते वरण वाढून घेतानाही सांगतात.) आता माघार नव्हती.

तुकडे जुळवून वर पारदर्शक कागद ठेवला आणि रेघ न् रेघ गिरवून घेतली. तांब्याचा पातळ थर दिलेल्या पाटीवर त्याच रेघा बायकोच्या नेलपॉलिशनं काढल्या. पाटी ॲसिडात बुडवली की नेलपॉलिशखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. ॲसिडासाठी मी जो टब घेतला, तो नेमका कपडे भिजवायचा निघाला.

"अहो, काय करून राहिलात? माझी साडी पिवळी झाली!"

"आधी कोणती होती?"

"पांढरी!"

"मग आता चांगली दिसून राहिली की!"

त्यानंतर बरेच दिवस मी हातानं वाढून जेवलो.

जुन्या बोर्डातल्या चिपा काढून नव्यात बसवल्या. राहिला ट्रान्सफॉर्मर. त्यासाठी दुकानदाराशी अशी घासाघीस केली, की शेवटी तो म्हणाला, "साहेब, हा घेऊन जा. पण परत येऊ नका." चालू केला की तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. मी खूश! आवाज करतो म्हणजे काम करतो.

एका रविवारी दुपारी दिगंबरराव चाचणी बघायला आले. टीव्ही, बोर्ड, ट्रान्सफॉर्मर असं सगळं मी बैठकीतल्या लांब फळीवर मांडलं. फळीच्या दुसऱ्या टोकाला आमचा भूकंपाचा पहारेकरी होता. भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी पालथे पेले एकावर एक रचून वर तांब्या ठेवायचे. जमीन हलली की भांडी कोसळणार, आणि भांडी वाजली की काही न विचारता बाहेर पळायचं. लहान पोरांनाही सवय झालेली.

नांदेडला ही पद्धत नव्हती.

"करू का चालू?"

"करा की. विझवायला पाणी ठेवलंय ना?" दिगंबरराव चहा ओतून घेत म्हणाले.

"टीव्ही जळला तर मी माहेरी जाईन," बायको म्हणाली.

"काही जळत न्हाई!" मी ओरडलो आणि बटण दाबलं.

ट्रान्सफॉर्मर घरघरला. फळी थरथरली. आणि पेले, तांब्या, सगळं धडाधड फरशीवर!

पुढं काय झालं ते माझ्या पायांना विचारा. आमची भांडी ऐकून शेजारी पळाले, त्यांना पाहून पलीकडचे. माडीवरचे विद्यार्थी वह्या घेऊन उतरले. (एक जण रस्त्यावर उभा राहूनही घोकत होता. लातूर आहे!)

"हाललं ना?" मी विचारलं.

"लई हाललं!" शेजारचे काका म्हणाले. "आमची तर भिंत डोलून राहिली होती!"

तेव्हा मला दिसलं, की माझ्या पायात वायर अडकली आहे आणि तिच्या टोकाला ट्रान्सफॉर्मर आहे. उंबरा ओलांडून माझ्यामागं फरफटत आलेला!

आत धावलो. बोर्ड फरशीवर, पुन्हा दोन तुकडे. दिगंबरराव मात्र खुर्चीत तसेच, चहा पीत.

"पळाले का हो सगळे?"

"ते राहू द्या! चालला का? पडद्यावर काय आलं?"

"कुठं काय? निळा पडदा, पांढरी अक्षरं, असलं काहीच आलं नाही."

निळा पडदा! पांढरी अक्षरं! चालू झालं की अगदी तसंच यायचं, आणि हे मशीन त्यांनी जन्मात कधी चालू पाहिलं नव्हतं!

"दिगंबरराव, पडदा निळा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अंदाज," ते शांतपणे म्हणाले. "फिजिक्सवाल्याचा."

मी असा भडकलो, की बाहेरची गल्ली आमच्या दारात जमा झाली. "हा माणूस खोटं बोलून राहिला! चालला होता!"

"मग तुम्ही का नाही पाहिलं?" बायकोनं विचारलं. "माझ्या आधी, आपल्या पोरांच्या आधी कोण पळालं?"

गल्ली माझ्याकडं पाहू लागली.

सासुरवाडीच्या पुढच्या पंगतीत दिगंबरराव खरंच उभे राहिले. "माधवराव इंजिनिअर आहेत की नाहीत, ते मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "पण बायको-पोरं मागं टाकून, पायात ट्रान्सफॉर्मर घेऊन इतक्या जोरात पळणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही."

सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनं जरा जास्तच. मी तावातावानं भांडायला उठलो, तर सगळ्या पंगतीनं घाईघाईनं पानं सरकवून मला थेट दारापर्यंत वाट मोकळी करून दिली!