खाडीतल्या विहिरीचे आकडे

थोरला भाऊ जाऊन महिना झाला. वाशीच्या खाडीवर पूल बांधत होते, तेव्हा तो पायाच्या विहिरी बुडवण्याच्या कामावर होता. काँक्रीटची पोकळ विहीर आतला गाळ उपसत खाली उतरवायची. ती जरा कलली तरी सगळ्यांत आधी त्याला कळायचं. वडील मासे धरायचे सोडून होडीतून त्याचं काम बघायला जात. मी मॅट्रिक झालो तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

विहीर किती खाली गेली ते दाखवणारे, तिच्यावर रंगवलेले आकडे वाचता आले, तर भावाला मुकादम करणार होते. शाळा त्याला ठाऊक नव्हती.

"मना आकडं शिकव," तो म्हणाला.

मी पुस्तकातून मान वर न करता वेळ नाही म्हटलं. मग तो कामावरच्या एका सुताराकडून शिकला.

तो मुकादम झाला त्या दिवशी वडिलांनी विचारलं, "आकडं कुनी शिकवलं रं तुला?"

"कुनी म्हंजे? घरान मास्तर हाय ना आपला," माझ्याकडे बघत तो म्हणाला.

वडिलांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी खरं सांगितलं नाही. एवढंही त्याला सहज देऊन टाकता येतं, म्हणून त्याच्यावर आणखीच जळलो. अजून जळतो.