फणसाची एकच फळी

उरवड्याच्या माझ्या शेडमध्ये त्या सकाळी कोरीव कामाच्या संगणकी मशिनवर फणसाची फळी बांधलेली होती. लाकूड गावातल्या आबांच्या बांधावरचं. त्यांनी जमीन विकली, झाड पाडलं आणि त्यातून देवीच्या गाभाऱ्याच्या दाराजोगी ही एकच फळी निघाली. तिच्यावर देवीचा चेहरा कोरायचा होता. आबा स्वतः खुर्ची ओढून समोर बसले होते. "ही गेली तर दुसरी न्हाई," एवढंच म्हणाले.

मोठ्या बिटाने, म्हणजे फिरत्या पात्याने, वरचं लाकूड उतरवून झालं होतं. बारीक कामाला निमुळतं, गोल टोकाचं बिट लावलं. शहरातल्या दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून ते मी निम्म्या भावात आणलं होतं. ज्यांच्याकडे शिकलो ते मिस्त्री मला चार माणसांत म्हणाले होते, "तुला भाव कळतो, लाकूड कळत नाही." ते मी विसरलेलो नाही. ही शेड त्याच रागावर उभी आहे.

स्वस्त बिटाचा दांडा सहा मिलिमीटरचा, माझ्या मशिनची पकड पाव इंचाची. दांडा जरासा बारीक. जोर लावून आवळला की बसेल, असं मी ठरवून टाकलं. फणसाचे तंतू उलटसुलट, म्हणून मशिनची चाल कमी ठेवली, एका फेरीत लाकूडही थोडंच काढत होतो. तेवढी अक्कल होती.

देवीच्या कानामागे आवाज बदलला. बारीक शिट्टी होती ती घोगरी झाली. बिट फिरता फिरता पकडीतून खाली सरकत होतं आणि गालाकडे निघालं होतं. मशिन थांबवायचं लाल बटण हाताशी होतं, पण हात तिथवर जाईना. दाबलं तेव्हा बिट गालापासून बोटभर अंतरावर होतं. मागे दोन मिलिमीटर जादा खोल चर पडला होता.

आबांना सांगितलं, बिट बदलायचंय. पाव इंच दांड्याचं जुनं बिट शोधलं, दोनदा मोजलं आणि चर दिसू नये म्हणून चेहऱ्याभोवतीचा सगळा भाग मशिनला तेवढाच खाली घ्यायला लावला. दुपारपर्यंत बटणावरचा हात काढला नाही.

शेवटी आबांनी देवीच्या गालावरून अंगठा फिरवला.

"आवाज फिरला तवाच कळलं मला."

मग उठून ओरडला का नाहीत, असं मी चिडूनच विचारलं.

"पाय हलंनात," आबा म्हणाले.